कुत्र्यांमधील पंजादाह

पंजादाह (पोडोडर्मेटायटिस) म्हणजे कुत्र्याच्या पंजाच्या त्वचेचा दाह होय. बोटांच्या बेचक्या, तळव्याच्या गाद्या आणि नखांच्या मुळाभोवतीची त्वचा यांपैकी कोणत्याही भागात तो उद्भवतो. लाली, सूज, खाज, दुर्गंधी, केस झडणे, पुळ्या, पू किंवा रक्त येणे आणि लंगडणे ही त्याची दृश्य रूपे आहेत. पशुवैद्यकात पंजादाह हा स्वतंत्र रोग मानला जात नाही. ताप जसा अनेक रोगांत येतो, तसा पंजादाह अनेक भिन्न विकारांत दिसतो. त्यामुळे एका कुत्र्याला लागू पडलेले औषध दुसऱ्याला निरुपयोगी, प्रसंगी घातकही ठरते. याचे ठळक उदाहरण स्टेरॉइडचे आहे. ॲलर्जीमुळे सुजलेला पंजा स्टेरॉइडने काही दिवसांत उतरतो. डेमोडेक्स या सूक्ष्म परजीवीमुळे सुजलेला पंजा त्याच औषधाने चिघळतो. नुसत्या डोळ्यांना हे दोन्ही पंजे सारखेच दिसू शकतात.

पंजाची रचना

कुत्रा टाच टेकवून चालत नाही. तो बोटांवर चालणारा प्राणी आहे. प्रत्येक पायाची चार बोटे आणि त्यांखालच्या गाद्या शरीराचा भार पेलतात. पुढच्या पायाला आतल्या बाजूस, जमिनीपासून उंचावर, पाचवे लहान बोट असते. मागच्या पायाला ते बहुधा नसते. हे बोट जमिनीला टेकत नसल्याने त्याचे नख झिजत नाही आणि दुर्लक्ष झाल्यास गोल वळून मांसात रुतते.

गादीच्या पृष्ठभागावर जाड, खरखरीत त्वचा असते आणि तिच्याखाली धक्का शोषून घेणारा चरबीचा थर असतो. घाम आणणाऱ्या ग्रंथी कुत्र्याच्या गाद्यांमध्येच विशेषत्वाने असतात. घाबरलेल्या कुत्र्याची ओली पावले दवाखान्याच्या फरशीवर उमटतात ती यामुळेच. गादी अशी टणक असली तरी दोन बोटांमधील त्वचा पातळ व केसाळ असते. तेथे हवा कमी खेळते, ओल टिकते आणि घाण अडकते. पंजादाहाची सुरुवात बहुतेक वेळा या बेचकीत होते.

कारणे

सर्वांत सोपे कारण म्हणजे इजा. काटा, काच, खिळा, कापलेली गादी किंवा मुळापासून तुटलेले नख यांमुळे साधारणतः एकच पंजा सुजतो. दख्खनच्या गवताळ माळांवर पावसाळा सरल्यानंतर कुसळी गवत वाळते आणि त्याची कुसळे चालणाऱ्या प्राण्यांच्या अंगात अडकतात. कुसळाच्या टोकाशी एकाच दिशेला वळलेले ताठ रोम असतात. त्यामुळे एकदा बेचकीत शिरलेले कुसळ मागे न येता पुढेच सरकत जाते. वरची जखम भरून येते, आत मात्र पू साठतो, काही दिवसांनी तो छिद्र पाडून बाहेर येतो आणि पुन्हा भरतो. असे भरणारे व फुटणारे एकच छिद्र दिसल्यास आत काहीतरी राहिले आहे असे समजावे. सराटे आणि बाभळीचे काटे यांचाही उपद्रव होतो, पण ते निदान डोळ्यांना दिसतात.

उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या डांबरी रस्त्याने गाद्या भाजतात व त्यांची साल निघते. बांधकामावरच्या ओल्या सिमेंटमधील अल्कधर्मी द्रव्यानेही गाद्यांची व बेचकीची त्वचा जळते. पावसाळ्यात सतत चिखलपाण्यात वावरणाऱ्या कुत्र्यांची बेचकी पांढरी पडून सोलपटते. भातलावणी करणाऱ्यांच्या पायांना होणाऱ्या चिखल्यांशी तिचे साम्य आहे.

एकाहून अधिक पंजे, विशेषतः पुढचे दोन्ही, वारंवार लाल होत असतील तर ॲलर्जीचा संशय प्रथम घेतला जातो. घरातील धुळीतले माइट, परागकण, बुरशीचे कण यांचे वावडे असलेल्या कुत्र्यांना ॲटोपी हा दीर्घकालीन त्वचाविकार होतो. तो बहुधा वयाच्या पहिल्या तीन वर्षांत सुरू होतो. त्वचातज्ज्ञ क्लोद फावरो आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये मांडलेल्या निकषांत पुढच्या पंजांचा व कानांच्या पाळ्यांचा दाह, मुख्यतः घरात राहणे आणि त्वचेवर काही दिसण्याआधीच खाज सुरू होणे यांचा समावेश आहे. अन्नाचे वावडेही अशाच खुणा दाखवते. गोमांस, दुग्धजन्य पदार्थ, कोंबडी आणि गहू हे कुत्र्यांत वारंवार नोंदले गेलेले अन्नघटक आहेत. ‘आमचा कुत्रा फक्त दूधपोळी खातो, त्याला कसली ॲलर्जी?’ या प्रश्नाचे उत्तर त्या दूधपोळीतच असू शकते.

ॲलर्जीमुळे कुत्रा पंजा चाटतो. चाटल्याने ओल राहते व त्वचेचे संरक्षक आवरण दुबळे होते. मग त्वचेवर एरवी निरुपद्रवीपणे राहणारे स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस हे जीवाणू आणि मॅलासेझिया पॅकिडर्मॅटिस हे यीस्ट बेसुमार वाढतात. त्यांच्यामुळे खाज वाढते आणि कुत्रा अधिक चाटतो. पांढऱ्या किंवा फिकट कुत्र्याच्या पंजाचे केस तांबूस-तपकिरी होतात, ते लाळेतील पॉर्फिरिन या रंगद्रव्यामुळे. हा रंग रक्ताचा नसून कित्येक आठवड्यांच्या चाटण्याची खूण असतो. मॅलासेझिया वाढल्यास पंजाला आंबूस, कुबट वास येतो आणि नखांच्या मुळाशी तपकिरी, मेणचट थर जमतो.

परजीवींपैकी डेमोडेक्स हा सर्वांत महत्त्वाचा. तो आईकडून पिलांना जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत मिळतो आणि बहुतेक निरोगी कुत्र्यांच्या केशकूपांत अल्प संख्येने राहतो. प्रतिकारशक्ती कमी पडली तरच त्याची संख्या वाढून रोग होतो. मराठीत ‘लूत’ हा शब्द सरसकट वापरला जातो; त्यात दोन निराळे रोग मिसळतात. सार्कोप्टीस माइटमुळे होणारी खरूज एका कुत्र्यातून दुसऱ्यात झपाट्याने पसरते आणि माणसालाही तात्पुरती खाज देते. डेमोडेक्सची लूत माणसाला होत नाही. केवळ पंजांपुरता मर्यादित राहणारा डेमोडेक्स मात्र बरा करण्यास चिवट असतो.

बेचकीत गोचिडी घर करतात. तेथील एक-दोन गोचिडी काढल्या की सूज उतरते, परंतु गोचिडीतून अर्लिकियासारखे रक्तातील रोग संक्रमित होऊ शकतात, हे ध्यानात ठेवावे लागते. ओलसर, विष्ठेने दूषित जमिनीवर कोंडून ठेवलेल्या कुत्र्यांच्या पंजांतून अंकुशकृमींच्या अळ्या त्वचेत शिरतात आणि गाद्यांच्या कडा लाल व मऊ होतात.

बेचकीत येणारे लाल-जांभळे, चकचकीत, दुखरे फोड इंग्रजी वापरात ‘इंटरडिजिटल सिस्ट’ म्हणून ओळखले जातात. हे नाव चुकीचे आहे. त्यांपैकी बहुतेक पुटी नसतात. दाहामुळे किंवा दाबामुळे केसाचे मूळ त्वचेखाली फुटते. त्यातील केस व केराटिन आतल्या ऊतकांत पसरते आणि शरीर ते काट्याप्रमाणेच परके समजून त्यावर तुटून पडते. मराठीतील ‘केस्तूड’ हा शब्द या विकाराला इंग्रजी नावापेक्षा नेमका बसतो. बुलडॉग, लॅब्राडॉर, मॅस्टिफ यांसारख्या जड बांध्याच्या व आखूड, ताठ केसांच्या जातींत केस्तुडे अधिक आढळतात. स्थूलपणा किंवा सांध्यांच्या दोषामुळे पंजा पसरतो, भार गादीऐवजी केसाळ त्वचेवर पडतो आणि केस उलटे आत दाबले जातात. फुटलेल्या केस्तुडातील जंतू मारले तरी आतला केस तेथेच राहतो. म्हणून ती पुनःपुन्हा उठतात.

याखेरीज काही थोडे विकार गाद्यांवरच दिसतात. डिस्टेंपर या विषाणुजन्य रोगात नाक व गाद्या कडक होतात. सायबेरियन हस्की आणि अलास्कन मॅलाम्यूट या जातींत जस्ताच्या कमतरतेशी निगडित पापुद्रे येतात. पेंफिगस या स्वयंप्रतिकार रोगात चेहरा, कान व गाद्या यांवर खपल्या धरतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या चारही पंजांच्या गाद्या एकाएकी भेगाळल्या व दुखू लागल्या तर यकृताची तपासणी आवश्यक असते. एकाच बोटाची न उतरणारी सूज हे नखाच्या मुळाशी झालेल्या कर्करोगाचे लक्षण असू शकते. काळ्या रंगाच्या मोठ्या कुत्र्यांत तो अधिक दिसतो. अशी सूज प्रतिजैविकांवर महिनोन्महिने काढणे ही महागात पडणारी चूक आहे.

निदान

निदानाचा आरंभ तीन प्रश्नांनी होतो: किती पंजे बाधित आहेत, आधी खाज आली की आधी फोड आला, आणि शरीरावर इतरत्र काय दिसते. एकच पंजा असल्यास इजा, परकी वस्तू किंवा गाठ. अनेक पंजे असल्यास ॲलर्जी, परजीवी किंवा अंतर्गत रोग, अशी ढोबळ विभागणी केली जाते. कानांतील मळ, काखेतील लाली आणि गुदद्वाराजवळची खाज पाहिल्याशिवाय पंजाची तपासणी पुरी होत नाही.

त्यानंतरच्या चाचण्या साध्या व स्वस्त आहेत. त्वचा दाबून, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडून काढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास डेमोडेक्स सापडतो. पंजा दुखरा असल्याने खरवडणे शक्य नसेल तर मुळासकट उपटलेले केस तपासतात. पारदर्शक चिकटपट्टी किंवा काचपट्टी त्वचेवर दाबून घेतलेल्या ठशात जीवाणू व यीस्ट दिसतात. ही तपासणी काही मिनिटांची असते, आणि तिच्याविना दिलेले प्रतिजैविक हा अंदाजच असतो. फोड खोल असतील किंवा आधीच्या औषधांनी गुण आला नसेल तर जीवाणूंचे संवर्धन करून कोणते प्रतिजैविक लागू पडेल हे ठरवतात. बराच काळ दाह राहून त्वचा जाड झालेली असेल तर खरवडीत परजीवी सापडत नाहीत. अशा वेळी त्वचेचा लहान तुकडा काढून तपासावा लागतो. गाठ किंवा हाडाच्या रोगाचा संशय असल्यास क्ष-किरण चित्र काढतात.

अन्नाच्या वावड्यासाठी रक्तचाचणी विश्वसनीय मानली जात नाही. त्याचे निदान आहार बदलूनच होते. कुत्र्याने पूर्वी कधीही न खाल्लेले एक प्रथिन व एक पिष्टमय पदार्थ किमान आठ आठवडे द्यायचे आणि सुधारणा झाल्यावर जुना आहार पुन्हा सुरू करून लक्षणे परततात का ते पाहायचे. हा प्रयोग वैद्यकीय कारणांनी क्वचितच फसतो. पाहुण्याने दिलेले बिस्किट, आजीने चोरून घातलेला पोळीचा तुकडा किंवा मांसाच्या चवीची औषधी गोळी त्याला पुरेशी असते.

उपचार

उपचाराचे दोन भाग पडतात. सध्याचा दाह, वेदना व संसर्ग शमवणे हा पहिला, आणि मूळ कारण दूर करणे किंवा आटोक्यात ठेवणे हा दुसरा. पहिल्यालाच उपचार समजले गेल्यास पंजा बरा होतो आणि महिन्याभरात पुन्हा सुजतो.

स्थानिक उपचारांत क्लोरहेक्सिडीनचा वापर सर्वाधिक होतो. दोन ते चार टक्के क्लोरहेक्सिडीन असलेला, यीस्ट असल्यास मायकोनॅझोलची जोड दिलेला, श्वानांसाठीचा शांपू पंजांना लावून सुमारे दहा मिनिटे राहू देतात, मग धुऊन पंजा पूर्ण कोरडा करतात. कोरडा करणे हा या कृतीतील महत्त्वाचा आणि बहुधा विसरला जाणारा टप्पा आहे. ओल्या बेचकीत यीस्ट पुन्हा वाढते. सूज असल्यास कोमट पाण्यात थोडे एप्सम मीठ विरघळवून पाच-दहा मिनिटे पंजा बुडवून ठेवल्याने आराम पडतो, मात्र कुत्र्याला ते पाणी पिऊ देऊ नये. चाटणे थांबवण्यासाठी गळ्याभोवती शंकूच्या आकाराचा पट्टा बांधतात.

खोल संसर्गात पोटातून प्रतिजैविक द्यावे लागते आणि ते अनेक आठवडे चालते. वरून पंजा बरा दिसू लागताच औषध थांबवल्यास आतील संसर्ग उरतो आणि पुढच्या खेपेस जीवाणू त्या औषधाला दाद देत नाहीत. बहुतेक प्रतिजैविकांना प्रतिरोध करणारे स्टॅफिलोकॉकस आज अनेक देशांत आढळतात. त्यामुळे संसर्ग वरवरचा असेल तर केवळ स्थानिक उपचारांवर भागवावे असा पशुवैद्यकाचा कल आहे.

डेमोडेक्सवर पूर्वी अमिट्रॅझची स्नाने व आयव्हरमेक्टिन हे उपाय होते. दोन्ही जिकिरीचे होते. कोली व तिच्याशी संबंधित मेंढपाळ जातींतील अनेक कुत्र्यांत आयव्हरमेक्टिनने चेताविषबाधा होते. त्यामागे एमडीआर-1 या जनुकातील दोष आहे, हे 2001 मध्ये स्पष्ट झाले. गेल्या दशकात आलेल्या आयसोक्साझोलीन गटातील गोळ्यांनी (फ्ल्युरालानर, ॲफोक्सोलानर, सारोलानर) हा उपचार पुष्कळ सोपा केला. झटके येणाऱ्या कुत्र्यांत त्या जपून वापरतात. महिन्याच्या अंतराने घेतलेल्या लागोपाठ दोन नमुन्यांत परजीवी न आढळेपर्यंत उपचार चालू ठेवतात.

ॲटोपी बरी होत नाही, ताब्यात ठेवता येते. तीव्र अवस्थेत थोड्या दिवसांसाठी प्रेडनिसोलोन देतात. दीर्घ उपचारासाठी सायक्लोस्पोरिन, ओक्लासिटिनिब (अमेरिकेत 2013 मध्ये मान्यता; एक वर्षाखालील कुत्र्यांसाठी नाही) किंवा लोकिव्हेटमॅब हे खाजेचा संदेश वाहणाऱ्या इंटरल्युकिन-31 या प्रथिनाला अडवणारे इंजेक्शन वापरले जाते. ही नवी औषधे भारतीय मध्यमवर्गीय कुटुंबाला महाग पडतात, हेही निर्णयात धरावे लागते. फिरून आल्यावर पंजे धुऊन पुसण्याचा खर्च काहीच नसतो आणि त्याने परागकण व धूळ कमी होते.

कुसळ किंवा काटा आत असल्यास तो काढल्याविना कोणतेही औषध पुरत नाही. कित्येकदा भूल देऊन छिद्राचा माग काढावा लागतो. वारंवार येणाऱ्या केस्तुडांत वजन उतरवणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो. सर्व उपाय थकल्यावर बाधित बेचक्या लेझरने किंवा शस्त्रक्रियेने काढून टाकतात, पण तो शेवटचा मार्ग आहे.

घरगुती औषधांचे धोके

सुजलेल्या पंजाने कुत्रा लंगडू लागला की घरातील वेदनाशामक गोळी देण्याचा मोह होतो. आयबुप्रोफेन व डायक्लोफिनॅक यांनी कुत्र्याच्या जठरात व्रण होऊन रक्तस्राव होतो आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलच्या अधिक मात्रेने यकृताला इजा होते. स्टेरॉइड चालू असताना दुसरे वेदनाशामक दिल्यास धोका अनेक पटींनी वाढतो. पंजा सुजणे हा जीवघेणा विकार नसतो; त्याच्यावर दिलेली गोळी मात्र जीव घेऊ शकते.

लावण्याच्या औषधांबाबत एकच कसोटी पुरते: पंजाला लावलेले सर्व काही कुत्र्याच्या पोटात जाते. माणसांसाठीची स्टेरॉइड, प्रतिजैविक व बुरशीनाशक यांच्या मिश्रणाची मलमे, झिंक ऑक्साइडचे लेप, टी ट्री तेल आणि सोरायसिसवरील कॅल्सिपोट्रायॉल ही या कारणाने धोक्याची आहेत. कॅल्सिपोट्रायॉलची थोडीशी चाटलेली मात्राही कॅल्शियमची पातळी वाढवून मृत्यू आणू शकते. लुतीवर वापरलेले इंजिन तेल किंवा रॉकेल चोपडण्याची पद्धत अजून टिकून आहे. त्याने त्वचा भाजते, विष अंगात भिनते आणि परजीवी आत सुरक्षित राहतात. पंजाला घट्ट पट्टी बांधून ती दिवसचे दिवस ठेवणेही वाईट. सुजणाऱ्या बोटांचा रक्तपुरवठा तुटतो. पट्टी भिजली की ती त्याच वेळी बदलावी लागते.

मोकाट कुत्रे

रस्त्यावरील कुत्र्यांत पंजाची साधी जखमही वेगळे वळण घेते. पावसाळ्यात माश्या तिच्यावर अंडी घालतात व एक-दोन दिवसांत अळ्या पडतात. कुत्रा जखमी पाय वर धरून तीन पायांवर चालतो, वस्तीतील लोक त्याला पाहतात आणि मदतीस पुढे होतात. वेदनेतील कुत्रा ओळखीच्या माणसालाही चावतो. भारतात रेबीज अद्याप आटोक्यात आलेला नसल्याने अनोळखी कुत्र्याचा पंजा उघड्या हाताने तपासू नये. तोंडाला मुसके बांधून, हातमोजे घालून आणि शक्यतो प्रशिक्षित व्यक्तीकडूनच त्याला धरावे. चावल्यास, ओरखडा उठल्यास किंवा उघड्या जखमेला लाळ लागल्यास तो भाग साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी लसीकरणासाठी रुग्णालयात जावे लागते. अळ्या पडलेल्या जखमेची सफाई पशुवैद्यकीय दवाखान्यात होते. महाराष्ट्रात शासकीय पशुवैद्यकीय दवाखाने ही सेवा देतात, आणि परळ, नागपूर, परभणी, उदगीर व शिरवळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयांशी जोडलेली रुग्णालयेही आहेत.

निगा

पाळीव कुत्र्याच्या पंजांची आठवड्यातून एकदा, प्रत्येक बेचकी उघडून, तपासणी करतात. पिलाला लहानपणीच पंजा हातात देण्याची सवय लावल्यास पुढे उपचार सोपे जातात. मोठेपणी ही सवय लावणे कठीण असते. बेचकीतील केस कात्रीने आखूड ठेवतात, पण वस्तऱ्याने साफ काढत नाहीत, कारण उगवणारे खुंट त्वचेत टोचतात. नखे फरशीवर वाजू लागली की कापण्याजोगी झाली असे समजतात. उन्हाळ्यात रस्त्यावर हाताची पाठ पाच-सात सेकंद टेकवून पाहतात. ती टेकवत नसेल तर कुत्र्याला संध्याकाळी नेतात. माळावरून परतल्यावर कुसळे त्याच दिवशी, वाळलेल्या केसांतून, चिमट्याने वेचून काढतात. पंजा भिजला की कुसळ केसांना चिकटून दिसेनासे होते.